तिसरी हाक

पाटील मेले त्याला सहा वर्षं होऊन गेली, पण त्यांची पाटीलकी काही सुटली नव्हती. रोज दिवेलागणीला बोरमाळच्या उसातून त्यांची हाक उठायची. बोथट करवतीने ओलं लाकूड कापावं तसा खरखरीत, दमदार आवाज. काही वेळ पुढे-मागे, पुढे-मागे, आणि मग सगळं चिडीचूप. गावात नव्याने आलेली एखादी सून दचकून दारात उभी राहिली, की शेजारीण तिला समजवायची, "घाबरू नको गं, आपले पाटीलच हायेत. मेलेत ते."

पाटील हा बिबट्या होता. नदीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा सगळा ऊस त्याचा. रुबाब असा, की चार माणसं बांधावर उभी असली तरी तो घाई न करता, मान न वळवता समोरून निघून जायचा; म्हणून नाव पाटील. त्याच्या काळात गावची कुत्री कमी झाली, पण माणसाच्या अंगाला नख लागलं नाही. मग एके दिवशी हमरस्त्यावर दुधाच्या टँकरखाली तो गेला. गावाने हळहळ केली, आणि हळहळ संपायच्या आत उसात खांब रोवले गेले.

बिबट्याची हद्द दोन गोष्टींवर उभी असते, आवाज आणि वास. प्रत्येक नराची हाक निराळी. करवतीसारख्या दोन ओढींमधलं अंतर, शेवटचा खर्ज, मधला श्वास, यांवरून लांबच्या दुसऱ्या नराला कळतं की इथे कोण बसलाय आणि किती दमाचा आहे. झाडाबुंध्यावर उडवलेल्या मुताच्या वासावरून कळतं की तो नुकताच इथून गेलाय. असा थोराड नर म्हणजे गावाला लाभलेला फुकटचा पहारेकरीच. तो नाहीसा झाला की जागा रिकामी होते, आणि त्या जागेसाठी बाहेरून तरणे नर घुसतात. त्यांना रान नवं, शिकार ठाऊक नाही, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा ठाऊक नाहीत. माणसांवर हल्ले होतात ते बहुधा अशा वेळी. पूर्वी लोक ओरडा करून बिबटे पिंजऱ्यात धरून लांब नेऊन सोडायला लावायचे आणि वर्षभरात दुप्पट त्रास ओढवून घ्यायचे, त्याचं कारण हेच.

तेव्हा एका संशोधन संस्थेने विचार केला, की नर मेला तर मेला, त्याची हद्द मरायला नको. जिवंतपणी ध्वनिमुद्रित केलेल्या हाकांवरून यंत्राने पाटलांचा आवाज शिकून घेतला. नुसती तीच तीच हाक वाजवली असती तर चार दिवसांत जनावरांनी ओळखली असती. हे यंत्र वारा बघायचं, थंडी बघायचं, पलीकडून कोण बोलतंय ते ऐकायचं आणि आज पाटील असते तर काय बोलले असते ते ठरवून बोलायचं. प्रयोगशाळेत बनवलेला त्यांचा वास नळ्यांमधून झिरपत राहायचा. प्रकल्पाचं नाव 'अनुनाद'. गावाने ते नाव एकदाही उच्चारलं नाही. गावाच्या लेखी पाटील होते ते होतेच.

या पाटलांचं सगळं तेलपाणी मंदाकिनी वायाळकडे होतं. कागदोपत्री तिचं पद 'ध्वनिरक्षक'. सौरपट्ट्यांवरची धूळ पुसायची, खांबांवरच्या कर्ण्यांत गांधीलमाश्यांनी केलेलं घर काढायचं, वासाच्या नळ्या बदलायच्या. गावात पाठीमागे तिला पाटलीणबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तिचा नवरा बिबट्यानेच मारला होता. पण गाव ते गाव, पाठीमागे हसायचं ते हसायचंच.

त्या वासाची एक गंमत होती. ताज्या शिजलेल्या आंबेमोहोर भाताचा असावा तसाच तो वास. बिबट्या जिथून गेला तिथे भात शिजल्याचा वास येतो, हे उसाच्या मुलखात पोराटोरांनाही माहीत असतं. मंदाकिनीच्या लुगड्याला, केसांना, हातांना तो कायमचा लागला होता. तिच्या घरात सहा वर्षं आंबेमोहोर शिजला नव्हता. तिच्या सासूने, भागूबाईने, शिजू दिला नव्हता.

या दोघी सासू-सुना एकाच चुलीवर जेवायच्या, एकमेकींची दुखणी काढायच्या, आणि एका संध्याकाळबद्दल कधी एक अक्षर बोलायच्या नाहीत.

पाटील यायच्या आधीची ती गोष्ट. त्या वर्षी गावाने आरडाओरडा करून जुना नर उचलून न्यायला लावला होता. मंदाकिनीचा नवरा सोपान उसाला पाण्याचं बारं द्यायला गेला होता. दिवस मावळला होता, घरात दिवा लागला होता, पाणी पलीकडच्या सरीत वळवून तो येण्यातच होता. उसातून हाक आली, "मंदे!"

मंदाकिनी उठली. भागूबाईने तिचा हात धरला. "थांब. तिसरी हाक येऊ दे."

या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवेलागणीनंतर बाहेरून नाव घेऊन कुणी बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारू शकतं, तिसऱ्यांदा मारायचा दम त्याच्यात नसतो. ओ दिली की ते घेऊन जातं. तिसरी हाक आली तर ती जिवंत माणसाची. भागूबाईला हे तिच्या आईने शिकवलं होतं, तिच्या आईला तिच्या आईने.

दुसरी हाक आली. ती नीट नव्हती, नाव अर्धंच होतं. तिसरी आलीच नाही.

पुढे पिंजरे लागले, एक बिबट्या सापडला, नेला. तो तोच होता का, हे कुणाला सांगता आलं नाही. थोड्याच दिवसांत उसात पाटील दिसायला लागले. तेव्हा ते तरणे होते, आणि तेही बाहेरूनच आलेले होते. मंदाकिनीने याचा हिशेब मनात कधी पुरा केला नाही. खांबावरचा कर्णा पुसताना तो हिशेब तिच्याजवळ येऊन बसायचा, आणि ती उठून पुढच्या खांबाकडे जायची. तिचं म्हणणं साधं होतं: पाटील बोलत राहिले तर दुसरं कुणी येत नाही, आणि दुसरं कुणी आलं नाही तर दुसऱ्या कुणा बाईला माझ्यासारखं बसून राहावं लागणार नाही. एवढ्यासाठी तिने ही नोकरी धरली होती. भागूबाई मात्र दिवेलागणीला दार लावून घ्यायची आणि पाटलांची हाक संपेपर्यंत कानांवर हात ठेवून बसायची. तिचं काय म्हणणं होतं, ते तिने कधी सांगितलं नाही.

*

मंदाकिनीची मुलगी पूर्वा पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला आली, त्याच दिवशी तिला ओसरीवर उमासा आला.

"आई, लांब हो. तुझ्या अंगाला भाताचा वास येतोय."

"नळ्या बदलून आले. आंघोळ करते."

"आंघोळीने जात नाही तो. माझ्या लहानपणी तुझ्या अंगाला धुराचा वास यायचा, तोच बरा होता."

मंदाकिनी हसली. खरं तर तिला वाईट वाटलं होतं. लेकीला जवळ घ्यायची वेळ आली आणि अंगाला येतोय तो बिबट्याचा वास, याचं कुणाला वाईट वाटणार नाही? तिने न्हाणीत शिकेकाईने केस चोळले, चोळून चोळून डोकं लाल केलं. वास गेला नाही.

पूर्वा पाटलांच्या बाजूची होती. बाप गेला तेव्हा ती शाळेत जात होती, आणि पाटलांची हाक ऐकू आली तरच तिला झोप लागायची. पुण्यातल्या सोसायटीतही ती आईला संध्याकाळी फोन करून म्हणायची, "जरा ऐकव ना." तिच्यासाठी ते अंगाईगीत होतं. माणसाला कशाची सवय होईल ते सांगता येत नाही.

पाटलांना ऐकणारी आणखी एक होती. नदीकाठच्या उसात एक मादी राहायची. तिचा उजवा कान मधोमध फाटलेला, म्हणून तिला सगळे कानफाटी म्हणायचे. पाटील जिवंत असताना ती त्यांच्याबरोबर दिसायची. ते गेल्यावर ती सात नंबरच्या खांबाशी यायला लागली. खांबावर कॅमेरा होता आणि त्याची चित्रं मंदाकिनीच्या फोनवर यायची. पहिल्यांदा तिला मौज वाटली. कानफाटी यायची, खांबाच्या बुडाला गाल घासायची, हुंगायची, मातीत लोळायची, कर्ण्याकडे तोंड करून बसायची. ज्या दिवसांत मादीला नर हवा असतो त्या दिवसांत ती हाक मारायची आणि उसात इकडून तिकडे हिंडायची. उजाडल्यावर निघून जायची. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच.

गेल्या वर्षी यंत्रात सुधारणा झाली. मादी दूर निघून जाऊ नये, म्हणून पाटील तिला उत्तर द्यायला शिकले. आता ते नुसती हाक मारत नव्हते, ओही देत होते. कानफाटीने हाक मारली की खांबातून उत्तर यायचं, ती धावत यायची आणि खांबाभोवती फिरत राहायची. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मंदाकिनीने ती चित्रं बघायचं सोडून दिलं. दुसऱ्याच्या घरात डोकावल्याची लाज वाटावी, तसं तिला झालं.

*

डॉक्टर ईशान केळुसकर 'अनुनाद'चा प्रमुख होता. मालवणकडचा सडपातळ माणूस. बोलताना नेहमी दोन विनोद करायचा. त्या दुपारी तो न कळवता आला, ओसरीवर बसला, चहा घेतला आणि एकही विनोद केला नाही.

"मंदाताई, नदीपलीकडचा तो दुसरा बिबट्या, कारभारी, रोज पाटलांना उत्तर देतो, बरोबर?"

"देतो की. आता तर न चुकता देतो."

"कारभारी मेलाय. दोन वर्षं झाली. विहिरीत पडला होता. तिकडच्या गावाने आमच्याकडे यंत्र मागितलं, आम्ही बसवलं. त्याच्या पलीकडचा मास्तर म्हातारा होऊन मेला. तिथेही यंत्र."

मंदाकिनीने कपबशी खाली ठेवली.

"म्हंजी पाटील हाक मारत्यात..."

"आणि कारभारी उत्तर देतो, आणि ते ऐकून मास्तर. तिघंही मेलेले. आम्ही त्यांना ऐकायला आणि शिकायला शिकवलं होतं. ते एकमेकांकडूनच शिकत बसले. शिकता शिकता त्यांचे आवाज थोडे थोडे बदलले. आमची मोजणी होते ती आवाजावरून. यंत्रांचे आवाज वगळायची सोय होती, पण बदललेले आवाज त्या सोयीला ओळखूच आले नाहीत. मोजणीने ते नवे बिबटे म्हणून धरले." त्याने चष्मा काढून पुसला. "बिबटे वाढले म्हणून आम्ही मागच्या वर्षी पेढे वाटले, ताई. तुम्हालाही दिला होता मी एक."

"मंग खरे किती हायेत?"

"खोऱ्यात नर एकही नाही. चार-दोन म्हाताऱ्या माद्या आहेत. पिल्लं होतील अशी एकच उरलीय."

ती कोण हे विचारायची गरज नव्हती. ओसरीच्या कोपऱ्यात भागूबाई शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला होता.

केळुसकर पुढे सांगत गेला. डोंगरापलीकडे, घाटाच्या रानात एक तरणा नर आहे. त्याच्या गळ्यात पट्टा आहे, म्हणून तो कुठे जातो ते कळतं. तो खिंडीपर्यंत येतो, पाटलांची हाक ऐकतो आणि मागे फिरतो. पाटील गप्प झाले, तर तो येईल. कानफाटीचे एक-दोन मोसमच राहिलेत. त्यानंतर या खोऱ्यात फक्त खांब बोलतील.

"त्याला उचलून आणून सोडा की इथं."

"उचलून आणलेला नर बिथरतो. घराकडे जायला बघतो, वाटेत माणसांत घुसतो. तुम्हाला हे मी सांगायला नको."

तिला कुणीच सांगायला नको होतं. तसाच कुणी बिथरलेला, परका नर त्या संध्याकाळी उसात होता.

"आणि आपला आपण आला, तर माणसाला धोका न्हाई?"

केळुसकरला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "आहे. आपण काळजी घेऊ. गोठे बंदिस्त करू, उसाच्या कडेला दिवे लावू, दिवेलागणीनंतर कुणी एकटं फिरणार नाही. पण धोका आहे. म्हणून गावाच्या होकाराशिवाय मी काही करणार नाही."

ग्रामसभेत बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं, बिबटे संपतायत तर संपू द्या, डोक्याचा ताप गेला. त्यावर दुसऱ्याने विचारलं, मग उसातली डुकरं तू मारणार का? दोघंतिघं पाटलांसाठी भांडले, जणू पाटील निवडणुकीला उभे होते. शेवटी सगळ्यांचं बोलून झालं, आणि सगळ्यांनी माना वळवून मंदाकिनीकडे बघितलं. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराने काय ते ठरवावं, त्यावर कुणी बोलणार नाही, असं सरपंचांनी सांगितलं. ऐकायला हे फार थोर वाटलं. खरं म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तर बोट दाखवायला त्यांना एक दार मिळालं होतं. मंदाकिनीलाही ते कळलं. तिने उद्या सांगते म्हणून सभेतून काढता पाय घेतला.

*

"तू हो म्हणणार आहेस?" पूर्वाने ताटावर बसल्या बसल्या विचारलं.

"अजून काय ठरलं न्हाई माझं."

"ठरलं नाही म्हणजे? आई, बाबांना ज्याने नेलं, तसलाच एक तू हाताने बोलावून आणणार? मी इथे बाळ घेऊन राहणार आहे. या ओसरीवर, उसाला लागून."

"दार लावून घेऊ, पोरी. दिवे लावणार हायेत."

"दिवे तेव्हाही होते घरात."

बाहेर अंधारत चाललं होतं. पाटलांनी हाक मारली. नदीकडून लगेच उत्तर आलं, पातळ, घाईघाईचं. कानफाटी. मग पाटलांनी ओ दिली. भागूबाईने कानांवर हात ठेवले नाहीत. तिने आज दारही लावलं नव्हतं, हे मंदाकिनीच्या आत्ता लक्षात आलं.

"ती बाई रोज ओ देती," भागूबाई म्हणाली.

"आजी, ती जनावर आहे."

"मला दिसतंय ती कोण हाये ते." म्हातारीने ताट बाजूला सारलं. "मेलेल्यानं दोनदा हाक मारावी, ही रीत. दोनदा मारून त्यानं वाटंला लागावं. तुमचा तो खांब तिसऱ्यांदाबी मारतो, चौथ्यांदाबी मारतो. तिनं कसं वळखायचं? सहा वर्सं ती मेलेल्याला ओ देती, आन् हाडं वर आली तिची. त्ये घेऊन चाललंय तिला. बंद कर त्ये, मंदे."

"आत्याबाई, तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणणार. दुसरं कोण म्हणणार?" भागूबाईचा आवाज फुटला. "माझ्या लेकराला तिसऱ्यांदा हाक मारता आली न्हाई. तो जिता व्हता, आन् मी त्याला मेल्यात धरलं. जित्याला ओ दिली न्हाई मी. आता मेल्याची हाक रोज कानात वतून घेती. मला न्हाई सोसत."

इतक्या वर्षांत ती संध्याकाळ पहिल्यांदाच घरात मोठ्याने बोलली गेली. मंदाकिनीला वाटत होतं, हे बोललं गेलं तर आपण सासूला कधी माफ करू शकणार नाही. प्रत्यक्षात तिला फक्त म्हातारीचे हात दिसले. त्यांना भाकरीचा चुरा चिकटला होता. तिने ओल्या फडक्याने ते पुसले. पूर्वा ताटावरून उठून आत गेली होती.

सकाळी पूर्वाने नवऱ्याला गाडी घेऊन बोलावलं. बाळंतपण पुण्यालाच होईल, असं तिने बॅग भरता भरता सांगितलं. मंदाकिनीने डिंकाचे लाडू डब्यात भरून दिले. पूर्वाने डबा घेतला, पण आईच्या जवळ आली नाही. वासामुळे की रागामुळे, ते मंदाकिनीने विचारलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर ती तिथेच उभी राहून रडली. मग सरपंचांकडे जाऊन तिने होकार सांगितला.

*

पाटील दुसऱ्यांदा मेले तेव्हा त्यांच्याजवळ एकटी मंदाकिनीच होती. सूर्य डोंगराला टेकला होता. तिने सात नंबरच्या खांबावरची पेटी उघडली आणि किल्ली फिरवली. हिरवा दिवा गेला. एवढंच. त्या एका किल्लीने उसातले सगळे खांब मुके झाले. केळुसकरने खोऱ्यातली बाकीची यंत्रंही त्याच वेळी थांबवली होती.

दिवेलागण झाली आणि हाक आली नाही. गावातली कुत्री अंगणात येऊन उभी राहिली. माणसं घरातून बाहेर डोकावून बघायला लागली. रोजचा आवाज असताना कुणी त्याकडे लक्ष देत नव्हतं. आज सगळे कान देऊन ऐकत होते.

मग नदीकडून कानफाटीने हाक मारली.

मंदाकिनी अजून खांबापाशीच होती. तिला निघायला हवं होतं, पण ती ऐकत उभी राहिली. कानफाटी थांबली. वाट बघितली. दुसरी हाक मारली. पुन्हा थांबली. या थांबण्याची लांबी मंदाकिनीला ओळखीची होती. तिने ती एकदा दाराच्या आतून मोजली होती, हात सासूच्या मुठीत असताना. आज ती दाराच्या बाहेरच्या बाजूला उभी होती. तिसरी हाक आली, स्वच्छ, जिवंत, आणि तिला कुणीही ओ दिली नाही. मंदाकिनीचा हात आपोआप पेटीकडे गेला. किल्ली फिरवली की पाटील बोलले असते. तिने तो हात काखेत दाबून धरला आणि तशीच, धावत म्हणावं इतक्या वेगाने, घरी आली.

पुढच्या कितीतरी संध्याकाळी तेच झालं. कानफाटीचा आवाज बसत गेला. मग एका संध्याकाळी तो आलाच नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. कॅमेऱ्यात नुसता खांब दिसत होता आणि त्याच्या बुडाशी तिने खरवडलेली माती. मंदाकिनीचं जेवणावरचं लक्ष उडालं. आपण तिचं एक खोटं माणूस काढून घेतलं आणि खरं काही दिलं नाही, हे तिच्या मनातून जाईना. पूर्वाने फोनवर एकदाच विचारलं, "बंद केलंस?" मंदाकिनी हो म्हणाली. मग पूर्वा म्हणाली, "मला झोप लागत नाहीये," आणि तिने फोन ठेवला.

केळुसकरचा निरोप आला, की तरणा नर खिंडीत येऊन बसलाय, पण पुढे सरकत नाही. जुन्या वासाने तो बिचकत असावा. उरलेल्या नळ्या काढून टाकल्या तर बरं होईल.

मंदाकिनी दिवसाउजेडीच निघाली होती. पण नळ्या मातीत घट्ट रुतल्या होत्या, त्या उपसता उपसता ऊन कधी कललं ते तिला कळलं नाही. पोत्यात नळ्या भरून ती सात नंबरच्या खांबाजवळून निघाली तेव्हा उसात अंधार भरत होता. घराचा दिवा पलीकडे दिसत होता. मध्ये ऊस, आणि उसातून जाणारी बैलगाडीची जुनी वाट.

तेवढ्यात नदीकडून कानफाटी बोलली. बसका आवाज, पण तिचाच. जिवंत होती. मंदाकिनीचे डोळे भरून आले.

आणि मागून, डोंगराच्या बाजूने, उत्तर आलं.

ते पाटलांसारखं नव्हतं. पाटलांची हाक सहा वर्षांत कधी चुकली नव्हती. हा आवाज मध्येच घसरला, ठसका लागल्यासारखा तुटला, पुन्हा सुरू झाला. त्याला धाप लागली होती. तो घाबरलेला होता, आणि त्याला यायचं होतं. मंदाकिनीच्या अंगावर काटा उभा राहिला. आधी आनंदाने. मग तिला कळलं, की तो जवळ आहे, त्याला हा ऊस माहीत नाही, या वाटेवरून माणसं जातात हेही माहीत नाही, आणि तिच्या अंगाला पाटलांचा वास येतोय.

तिने पोतं टाकून दिलं. पळायचं नाही, हे ती दहा गावांना शिकवत आली होती. ती पळाली नाही. चार पावलं चालली आणि उसाची पानं कुठेतरी सळसळली. वारा नव्हता. ती थांबली. घराचा दिवा समोर होता, दार रोजच्यासारखं लावलेलं असणार. सोपान इथेच कुठेतरी उभा राहिला असेल. तोही हाच दिवा बघत असेल. तिच्या घशातून आवाज निघेना, आणि निघाला तेव्हा एकदाच निघाला. दुसऱ्यांदा निघेल असं तिला वाटत नव्हतं.

"आत्याबाई!"

"ओ!"

हाक पुरी होण्याआधीच ओ आली होती. दार धाडकन उघडलं. बॅटरीचा झोत उसावर पडला, हलला, डगमगला, आणि त्याच्यामागे एका हातात थाळी आणि तोंडात पळी धरून भागूबाई अनवाणी वाटेवर उतरली. मग तिने पळी हातात घेऊन थाळी बडवायला सुरुवात केली, बॅटरी काखेत धरून, मोठमोठ्याने ओरडत.

"ओ! ओ गं मंदे! आले, आले मी! तिथंच उभी ऱ्हा. बोलत ऱ्हा!"

उसात काहीतरी वळलं आणि डोंगराकडे दूर गेलं. मंदाकिनी बोलत राहिली.